खासदारांचा शुक्रवार

नोरीन टास्कर वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवत होती, तेवढ्यात वॉल्टर हिब्बर्ड तिच्या हाताखालून वाकून आत शिरले आणि नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"मिस्टर हिब्बर्ड, वाचलंत का? आज खासदार येणार नाहीत."

"वाचलं. गेल्या शुक्रवारीही वाचलं होतं. त्याच्या आधीच्याही." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कागद तरी नवा आहे का, पोरी?"

कागद तोच होता. फक्त तारीख खोडून नवी घातली होती.

शुक्रवारी दुपारी खासदाराने गावात येऊन बसायचं आणि ज्याचं जे अडलं असेल ते त्याने जाऊन सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. हॅवरबीत ही बैठक वाचनालयात भरते. खासदारांची कचेरी सांभाळत नोरीन त्या टेबलाशी तेवीस वर्षं बसत होती. तेवढ्या काळात तीन खासदार तिच्या हाताखालून गेले, असं ती म्हणायची नाही, आम्ही म्हणायचो. कुणाच्या छताची गळती, कुणाचं अडकलेलं पेन्शन, सगळं तिला तोंडपाठ.

मग ते सार्वमत झालं. देशाने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. गाव मधोमध फाटलं, बाहेर पडणारे थोडक्यात जिंकले आणि त्यानंतर पावणेतीन वर्षं आमच्या पुढाऱ्यांना ते बाहेर पडणं काही जमेना. जाहीर केलेला दिवस आजचाच, एकोणतीस मार्च. आणि आजच संसद शुक्रवारची सुट्टी मोडून बसली होती, बाहेर पडण्याच्या त्याच करारावर तिसऱ्यांदा मत द्यायला. आमचे खासदार माइल्स कॉर्डरी पहिल्यांदा विरोधात गेले, दुसऱ्यांदा गैरहजर राहिले आणि आज बाजूने मत देणार होते. मला विचाराल तर हे लोक भांडायला जेवढे तरबेज, तेवढे काम उरकायला नालायक.

ख्रिसमसपासून कॉर्डरींना रोज शंभर-शंभर पत्रं येत होती. त्यांनी नोरीनला दोन ठरलेली उत्तरं दिली होती. बाहेर पडा म्हणणाऱ्यांना पहिलं, राहा म्हणणाऱ्यांना दुसरं. सोबत सही केलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा. बेकरीवाल्या प्रिचर्डच्या घरी नवऱ्याला पहिलं गेलं, बायकोला दुसरं. दोघांनी नाश्त्याला शेजारी शेजारी ठेवून वाचली. खासदार दोघांशीही मनापासून सहमत होते.

वॉल्टरचं काम या दोन्हींत बसणारं नव्हतं. त्यांची बायको बेरिल जानेवारीत जिन्यात पडली. हाड सांधलं, पण आधीच पुसट होत चाललेली आठवण इस्पितळात पार गेली. आता तिला वृद्धाश्रमात ठेवणं भाग होतं. वॉल्टरच्या गल्लीच्या टोकाला एक आहे, तिथे खाटही रिकामी होती. पण नगरपालिकेने तीन आठवड्यांत ठरवून टाकलं की तिला चाळीस मैलांवर पाठवायचं, कारण तिथे स्वस्त पडतं. वॉल्टर ब्याऐंशीचे, गाडी चालवत नाहीत. दोन बस बदलायच्या, रविवारी तर एकही नाही. सोमवारी नगरपालिकेच्या समितीसमोर शेवटची सुनावणी होती. फेब्रुवारीत कॉर्डरींनी त्यांच्या दारात उभं राहून, त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "हे माझ्यावर सोपवा, मी लिहितो."

नोरीनने ते पत्र कधीच टाइप करून ठेवलं होतं. साहेबांना पाच वेळा विचारलं. पाचही वेळा उत्तर एकच, मतदान होऊ दे.

"सोमवारी आहे ना गं?" वॉल्टरनी विचारलं.

"हो."

"मग पुढच्या शुक्रवारी येऊन उपयोग नाही."

नोरीन उठली, गठ्ठ्यातला एक सही केलेला कागद काढला आणि वॉल्टरचं पत्र त्याच्यावर छापलं.

"साहेबांनी सही केली?"

"केलेली आहे," ती म्हणाली. कोट घातला आणि स्वतः चालत जाऊन नगरपालिकेत पत्र देऊन आली. लपवाछपवी तिला जमत नाही, म्हणून लगेच साहेबांना तसं कळवलंही.

संध्याकाळी फोन आला. करार तिसऱ्यांदा पडला होता.

"नोरीन, मी न वाचलेल्या पत्रावर माझी सही गेली?"

"ख्रिसमसपासून अशी चार हजार गेलीत, मिस्टर कॉर्डरी."

"ती गोष्ट वेगळी. त्या समितीची अध्यक्ष कोण आहे माहीत आहे ना? आपल्या पक्षाच्या शाखेची प्रमुख. पुढच्या वेळी मला उभं करायचं की नाही, हे ती ठरवणार. आधीच ती माझ्यावर खवळलेली आहे. आत्ता तिला डिवचायला सांगितलं कुणी तुम्हाला? फोन करा आणि पत्र चुकून गेलं म्हणून सांगा."

"चुकून गेलेलं नाही."

"माझ्यासाठी एवढं करा. देशाचा प्रश्न आहे हो."

"बेरिल हिब्बर्ड कुठल्या देशात राहतात?" नोरीनने विचारलं. आणि फोन ठेवला. तिने कार्यालयाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, दिवा मालवला आणि घरी गेली. तेवीस वर्षांची नोकरी अशी सुटली.

सोमवारी ती वॉल्टरशेजारी समितीसमोर बसली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"खासदारांच्या लंडनच्या कार्यालयाने हे पत्र मागे घेतलंय. आणि आपण कोण?"

"पत्र मी लिहिलंय. सही त्यांची होती, ती त्यांनी परत नेली. मजकूर माझा आहे, तो वाचते." आणि तिने सगळं पत्र उभं राहून वाचलं.

वॉल्टरना विचारलं, काही सांगायचंय का. ते टेबलाला धरून उठले.

"बाई, मी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं. ही पोरगी विरोधात होती, तिनेच सांगितलं मला. आमचं त्यावरून काही भांडण नाही. मला एवढंच कळत नाही, देशाला बाहेर काढायला तुम्हाला तीन वर्षं पुरेनात, आणि माझ्या बायकोला गावाबाहेर काढायला तीन आठवडे कसे पुरले?"

जेवणाच्या सुट्टीआधी निकाल आला. नियमात बसत नाही.

असल्या वेळी संताप येतो तो नियमांचा नाही, ते वाचून दाखवणाऱ्यांच्या शांत आवाजाचा येतो.

गुरुवारी बेरिलला न्यायला इस्पितळाच्या दाराशी गाडी आली. गाडीत नातेवाइकांना बसवता येत नव्हतं. नोरीनने आपली छोटी गाडी मागे उभी केली होती. वॉल्टरनी बेरिलच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"तुम्ही येताय का?" बेरिलने त्यांना परक्यासारखं विचारलं.

"आलोच मागून."

मग ते ड्रायव्हरपाशी गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तिथल्या लोकांना तेवढं सांगा. चार वाजता चहा लागतो तिला. साखर नको म्हणेल, तरी एक चमचा घाला. चोपन्न वर्षं मी तिला न सांगता घालत आलोय."

ड्रायव्हरने खिशातून पेन काढलं आणि ते आपल्या हाताच्या पाठीवर लिहून घेतलं.