शुभ्र रंगाची जोडी

नियाज नागापूरच्या एमआयडीसीत तपासनीस. सुटा भाग अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी परत पाठवतो. सावेडीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो दोन वर्षांपासून हॅमस्टरची पैदास करत होता. त्याला हवा होता नाकापासून शेपटीपर्यंत पांढराशुभ्र हॅमस्टर. हॅमस्टरला शेपटी नावालाच असते, तो भाग वेगळा.

करड्या-पांढऱ्या मिश्र केसांच्या दोघांची जोडी लावली की एखाद-दुसरं पिल्लू शुभ्र निघतं, एवढं त्याने मोबाईलवर वाचलं. पुढचं वाचलं नाही. सातात दोन शुभ्र निघाली. पंधरा दिवसांत बाकीच्यांनी डोळे उघडले. या दोघांना उघडायला काही नव्हतंच.

"शिफाचे अब्बा, यांना डोळेच नाहीत," त्याची बायको हुमेरा म्हणाली.

"रंग बघ ना."

"बघितला. ही जोडी परत लावायची नाही."

"पुढच्या महिन्यात पाळीव प्राण्यांचं प्रदर्शन आहे. परीक्षकांनी खोट काढली तर नाही लावणार."

"आणि नाही काढली तर?"

नियाज पिंजरा पुसू लागला.

हॅमस्टरचा जाणकार जिल्ह्यात सापडेना, म्हणून आयोजकांनी कोल्हारचे सहादेवअण्णा आणले. खिलार बैल पारखण्यात त्यांचं नाव होतं. अण्णांनी शिरस्त्याप्रमाणे पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, मग चाल बघायला हॅमस्टर टेबलावर सोडला. तो सरळ चालत कडेवरून त्यांच्या धोतरात पडला. अण्णांनी त्याला उचलून अंगठ्याने डोळ्यांची जागा चाचपली.

"नियाजभाई, ह्येला डोळं न्हाईत."

"जन्मापासूनच, अण्णा."

"बैल असता तर दावणीला उभा केला नसता." अण्णांनी जरा विचार केला. "पर ह्येला कुठं औत वढायचंय? रंग लई झ्याक हाय."

पहिला नंबर. लोकांना तो गाढ झोपलेला वाटला. अकरा जणांनी असंच शांत पिल्लू मागितलं. नियाजने सगळ्यांना हो म्हटलं.

घरी हुमेराने ढाल हातात घेऊन बघितली आणि टीव्हीशेजारी ठेवली. बाल्कनीत त्या जोडीतल्या मादीचा पिंजरा होता, नराचा नव्हता.

"नर कुठंय?"

"दिला."

"कुणाला?"

"सांगितलं तर मागायला जाल."

ती आत भाकरी टाकायला गेली. नियाजने मादीला दाणे टाकले. मग त्याने मोबाईल काढला आणि पुण्यातल्या एका ओळखीच्याला विचारलं, करडा-पांढरा नर मिळेल का.