तात्याबाच्या घरचा मान

गावानं ठरवलं, काठी परत द्यायची. आणि ती दत्तोबानंच द्यायची. हे कानावर आल्यापासून दत्तोबाला घास गोड लागेना.

अंथुर्ण्याच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला धनगरांची ही वाडी. मेंढरं कधीच गेली, आता घरटी ऊस. पण बिरोबाची जत्रा अजून जुन्याच थाटात भरते. चैत्रात देवाची काठी निघते, लांबलचक वेळूची, वर मोरपिसं बांधलेली. ती खांद्यावर घ्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या तात्याबाच्या घरचा. नव्वद सालापासून मात्र ती दत्तोबाच्या खांद्यावर निघत होती. कारण तात्याबा खुनी ठरला होता, आणि खुन्याच्या दारात देव कुणी ठेवतं का?

खून झाला होता कॅनॉलवरच्या पाटकऱ्याचा. पाण्याची पाळी देणारा माणूस तो, त्याचं अर्ध्या शिवाराशी वाकडं. पण आदल्या दिवशी त्याचं वाजलं होतं तात्याबाशी, तेही भर चौकात, आईबहिणीवरून. झालं! पोलिसांना तेवढं पुरलं. तात्याबाला जन्मठेप लागली आणि त्र्याण्णव साली तुरुंगातच तो काविळीनं गेला.

त्याची बायको बनाबाई, तिनं मात्र अपील मरू दिलं नाही. एस.टी.च्या फळकुटावर बसून पुण्या-मुंबईला हेलपाटे घातले. गेल्या वर्षी खरा मारेकरी दुसऱ्याच एका गुन्ह्यात सापडला, तिथं भडाभडा सगळं ओकला आणि वरच्या कोर्टानं सांगितलं, तात्याबा निर्दोष. निर्दोष! माणसाची माती होऊन चार वर्षं झाल्यावर!

गावाला लाज वाटली. वाटायलाच हवी होती. सरपंच बापूसाहेबांनी पारावर बैठक घेतली. जत्रेत तात्याबाचा फोटो पूजायचा आणि काठी त्याच्या पोराच्या, युवराजच्या खांद्यावर द्यायची, असं ठरलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘‘कुऱ्हाडीच्या पंचनाम्याला पंच दत्तोबाच हुता की.’’ त्यावर बापूसाहेब लगेच म्हणाले, ‘‘त्याचा काय दोष? त्यानं बघितलं ते सांगितलं. कुऱ्हाड पोलिसांनीच ठेवली आसंल, त्यो बिचारा फसला.’’

इथंच तर काटा रुतत होता. दत्तोबानं काही बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी तो स्टँडवरच्या हॉटेलात भजी खात बसला होता. फौजदार आला, शेजारी टेकला आणि म्हणाला, ‘‘दत्तोबाराव, तुमच्यासारख्या वजनदार माणसाची सही लागती.’’ वजनदार! एवढ्या एका शब्दानं गडी हुरळून गेला. कागदावर काय होतं? आरोपीनं पंचांच्या समक्ष, स्वतःच्या गोठ्यातल्या कडब्याखालून रक्तानं माखलेली कुऱ्हाड काढून दिली. दुसऱ्या पंचानं, एका म्हाताऱ्यानं, आधीच अंगठा उठवला होता. दत्तोबानं भज्याचं तेल धोतराला पुसलं आणि सही ठोकली. सह्या काय, सगळेच करतात. म्हातारा पुढं वारला. कोर्टात तात्याबाच्या वकिलानं विचारलं, ‘‘तुम्ही स्वतः तिथं हजर होता?’’ फौजदार समोरच बसलेला. आता नाही म्हणावं तर आपणच खोट्यात येतो. दत्तोबा म्हणाला, ‘‘व्हय साहेब.’’ त्या एका ‘व्हय’नं बालमित्राचा गळा कापला.

बनाबाई तिथंच ओरडली होती, ‘‘ह्यो आलाच न्हवता! मी घरात हुते!’’ पण बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, असं सगळे म्हणाले आणि तिला बाहेर बसवलं. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. दत्तोबा समोर आला की डोक्यावरचा पदर सारखा करून निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो तिच्या दारात गेला. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

‘‘वैनी, गुडघं लई धरल्यात. काठी बापूसाहेबांच्या हातनं घेतली तर चालंल का?’’

‘‘न्हाय भावजी,’’ ती सूप न थांबवता म्हणाली. ‘‘तुमच्याच खांद्यावरनं उतरू द्या.’’

दत्तोबा तसाच पाठमोरा झाला.

जत्रेला माणूस लोटलं. पार निमगावपासून पाहुणे आले. तात्याबाचा फोटो खुर्चीवर ठेवला होता, लग्नातला असावा, मिशी नुकती फुटलेली. त्याच्याकडं बघायचं नाही असं दत्तोबा ठरवून आला होता, आणि डोळे फिरून फिरून तिथंच जात होते. ह्या पोरासंगं आपण कॅनॉलात पोहायला शिकलो, असं त्याला आठवलं.

बापूसाहेबांनी माइक धरला. ‘‘मंडळी, दत्तोबांचं मन बघा! आठ जत्रा काठी जपली, आन् आज हसत हसत परत देत्यात. आसा मोठ्या मनाचा माणूस तालुक्यात घावायचा न्हाय!’’ टाळ्या पडल्या. कुणीतरी दत्तोबाच्या डोक्याला फेटा बांधला. त्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

आता रीत अशी की काठी देणाऱ्यानं भंडारा मुठीत उचलायचा आणि देवासमोर म्हणायचं, ‘मान ज्याचा त्याला पोचला, माझ्या पोटात काही राहिलं नाही.’ कोर्टात देवाची शपथ घेऊन थापा मारणारे ह्या वाडीत पैशाला पासरी मिळतील. पण भंडारा उचलून खोटं बोललेला एकही नाही.

ताट घेऊन बनाबाईच पुढं आली. दत्तोबानं मूठ भरली. ढोल थांबले. सगळी वाडी कान देऊन उभी. एका हातात काठी, दुसऱ्या मुठीतून पिवळी पूड गळत होती. शेवटी तो खाली वाकला आणि तिच्यापुरतंच पुटपुटला,

‘‘वैनी, मी त्या दिवशी तुमच्या दारात आलोच न्हवतो.’’

‘‘मला कशापायी सांगता?’’ बनाबाई म्हणाली. ‘‘मी घरातच हुते की. त्यास्नी सांगा.’’

आणि तिनं माणसांकडं बोट केलं.

दत्तोबानं मान वर केली. मग काठी खांद्याला टेकवली, बापूसाहेबांच्या हातातला माइक ओढून घेतला आणि भंडाऱ्याची मूठ तशीच वर धरून बोलला. हॉटेल सांगितलं, भजी सांगितली, सही सांगितली. ‘‘कुऱ्हाड मी पयल्यांदा कोर्टात बघितली. तात्याबा माझ्या तोंडानं मेला.’’ कर्ण्यातून त्याचाच आवाज पार उसाच्या फडापर्यंत गेला.

मग पुढं बसलेल्या म्हाताऱ्या आबाजीनं हात हलवला. ‘‘जाऊ द्या दत्तोबा. फौजदारापुढं कोण न्हाय म्हणतंय? आमीबी केल्यात की सह्या.’’ दोन-चार माना डोलल्या. ‘‘व्हय, व्हय, झालं गेलं गंगेला मिळालं,’’ बापूसाहेब घाईघाईनं म्हणाले. दत्तोबाला वाटलं, एखाद्यानं तरी पायताण काढावं. पण बनाबाईनं तोंड उघडायच्या आत अख्ख्या वाडीनं त्याला माफ करून टाकलं होतं. किती स्वस्त!

युवराज पुढं आला. त्यानं काठी आपल्या खांद्यावर घेतली, तोल सावरला. काठी घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. मागून बापूसाहेब सवयीनं म्हणाले, ‘‘पोरा, पाया पड.’’

युवराजनं आईकडं बघितलं. बनाबाई फोटोसमोर उदबत्ती लावत होती, तिनं मान वळवली नाही. मग त्यानं दत्तोबाच्या डोळ्यांत सरळ बघितलं, ताठ उभा राहिला, आणि न वाकता ढोलांकडं चालू लागला. माणसं कुजबुजली. दत्तोबानं डोक्यावरचा फेटा सोडून खाली ठेवला. त्याला मनापासून वाटलं, बरं केलंस पोरा.