बनाक्काच्या मोरीचं पाणी

त्या सकाळीही बनाक्काच्या मोरीचं पाणी इस्तरबाईच्या दारात आलं. साबणाचा फेस, भाताची शितं आणि वर तरंगणारी कांद्याची साल.

"बनाक्का, आवं मोरीला पाइप टाका म्हनून किती डाव सांगायचं?"

"टाकू की गं," भिंतीपलीकडून उत्तर आलं. "तुमच्यात राग धरत न्हाईत न्हवं?"

हेच ते वाक्य! अख्ख्या गावाला ख्रिस्ती धर्मातलं एवढंच पाठ होतं. दुकानदार नानासोने किडके हरभरे दिले तरी हेच, रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी हेच. गावात ख्रिस्ती घर एकच, त्यामुळे सगळ्यांच्या चुका पोटात घालायचा मक्ता इस्तरबाईकडे. सांगलीचे पाळकसाहेब रविवारी म्हणत, "लोक बायबल वाचत नाहीत, ते तुम्हाला वाचतात." वाचू देत की, पण पानावर खरकटं पाणी कशाला सांडतात? एक गाल झाला, दुसराही झाला, आता तिसरा कुठून आणायचा?

ती खोऱ्याने पाणी वळवत होती, तेवढ्यात दारात कोरेगावचे पाहुणे येऊन उभे राहिले. नवराबायको दोघंही. बनाक्काच्या रेश्माला ते आपल्या मुलासाठी बघून गेले होते आणि आता रीतीप्रमाणे शेजारी चौकशीला आले होते. शेजाऱ्याच्या एका शब्दावर लग्नं जुळतात आणि मोडतात, हे काय कुणी सांगायला हवं? इस्तरबाईने चहा टाकला.

"पोरगी कशी हाय वो?" पाहुणीने विचारलं.

"सोन्यावानी. माझी सासू अंथरुनाला खिळली हुती, तवा रेश्माच भरवायची तिला." यात अक्षरही खोटं नव्हतं.

"आन आदी कुटं ठरलं हुतं का तिचं?"

इस्तरबाईने हातातली बशी खाली ठेवली. ठरलं होतं. शिराळ्याकडच्या एका मुलाशी साखरपुडाही झाला होता. बनाक्काने मानपानावरून व्याह्यांशी असं काही भांडण काढलं, की लग्नच मोडलं. या पाहुण्यांना त्यातलं काहीच ठाऊक नसावं.

नाही म्हणावं तर खोटं. हो म्हणावं तर खरं, पण त्या खऱ्याच्या बुडाशी किती दिवसांचं मोरीचं पाणी साचलंय, ते तिचं तिला माहीत होतं. खरंही बोलायचं आणि सूडही उगवायचा, दोन्ही एका दमात! तोंडाशी आलेल्या त्या 'हो'ची तिला गोडी वाटली आणि लगेच स्वतःची किळस आली. प्रभू, ती मनातल्या मनात वैतागली, मला कधी एखादा सोपा प्रश्न घालशील का?

ती उठून भिंतीपाशी गेली. "बनाक्का, जरा हिकडं या. पावनं तुमचं इचारत्यात. तुमच्या माघारी मी काय बोलायची न्हाई."

ओले हात पदराला पुसत बनाक्का आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इस्तरबाईने तिच्यादेखत सगळं सांगून टाकलं.

"साखरपुडा मोडला त्यात पोरीचा काय दोष न्हवता. भांडल्या या आक्का. तोंड लय तिखट हाय यांचं, माझ्यासंगं रोज भांडत्यात. पन पोरगी आईवर गेली न्हाई."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, चहा संपवला आणि "कळवतो" म्हणून निघून गेले.

इस्तरबाई शिव्यांची वाट बघत उभी राहिली. आज त्या गिळायच्या की एकदा तरी उलट द्यायच्या, हे तिचं ठरत नव्हतं. पण बनाक्का मटकन पायरीवर बसली.

"मीच धाडलं हुतं त्यास्नी तुझ्याकडं," ती म्हणाली.

"काय?"

"रेश्मा म्हनली, आई, लपवून लगीन नगं. मागनं कळलं तर तितं मला सुखानं नांदवतील व्हय? पन मला सांगाय जीभ रेटंना. म्हटलं, इस्तरकडं जाऊ द्यात. ती खोटं बोलायची न्हाई, आन माझ्या पोरीचं वाईट बी करायची न्हाई."

इस्तरबाईला रडावं की ओरडावं कळेना. तिने ओरडायचं ठरवलं.

"म्हंजे हे बी माझ्याच गळ्यात! आवं, एवढा इस्वास हाय तर पयलं मोरीला पाइप टाका की!"

"टाकू की," बनाक्का डोळे पुसत म्हणाली.

दिवस मावळायच्या आत कोरेगावचा फोन आला. मुलगी पसंत होती. मात्र मानपानाची बोलणी आईशी करणार नाही, शेजारची इस्तरबाई मध्ये बसेल तरच बैठक, असं पाहुण्यांनी बजावलं होतं.

हे सांगायला बनाक्का आपल्याच मोरीच्या पाण्यातून फचफच करत पळत आली आणि इस्तरबाईने नकार द्यायच्या आत तिच्या तोंडात मूठभर साखर कोंबली.

इस्तरबाईने हातातलं खोरं त्या पाण्याकडे रोखलं. पाइपाचं विचारायचं होतं तिला, चांगलं खडसावून विचारायचं होतं. पण तोंड साखरेनं भरलेलं, आणि बनाक्का तिच्या गळ्यात पडून रडत होती.