शेडमधले नमुने

लॅबमध्ये तिला सगळे वंशावळवाली म्हणत. फ्लूच्या विषाणूची घराणी जुळवणं हेच तिचं काम. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या चुका पुढच्या पिढीत जशाच्या तशा उतरतात. दोन आजाऱ्यांच्या विषाणूंत त्याच चुका सापडल्या, की मूळ एक. "हिच्यासमोर शिंकू नका, सगळं कूळ काढेल," अशी चेष्टा चालायची. तीही हसायची.

तिचा नवरा जनावरांचा डॉक्टर. मोठे दीर अंड्यांसाठी कोंबड्या पाळत; त्यांच्या शेड शहराबाहेर होत्या, निळ्या पत्र्याच्या. आसपास पक्ष्यांचा फ्लू आल्याची कुणकुण लागली, तेव्हा शेडमधले नमुने घेऊन नवराच लॅबमध्ये आला. बर्फाचा डबा तिच्या टेबलावर ठेवत म्हणाला, "तूच तपास."

"घरचं काम आहे. दुसऱ्या कुणी तपासलेलं बरं."

"अगं, तुझ्या सहीला मान आहे. दादाच्या जिवालाही घोर लागलाय."

तिनं तपासले. विषाणूचा मागमूस नव्हता. तिनं सही केली. दिरांनी फोनवर तोंडभरून कौतुक केलं, जाऊबाईंनी जेवायला बोलावलं. जेवताना दीर दोनदा म्हणाले, "घरात असं माणूस पाहिजे." तिला बरं वाटलं होतं.

पुढच्याच आठवड्यात रुग्णालयातून एका तरुण बाईचा नमुना आला. बाई व्हेंटिलेटरवर होती. वंशावळवालीनं विषाणूच्या जनुकांची अक्षरं वाचली. याचे जवळचे नातलग माणसांतले नव्हतेच. हा कोंबड्यांतून आलेला विषाणू होता.

ती तडक रुग्णालयात गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आजारी बाईची थोरली बहीण बसली होती.

"पक्ष्यांशी संबंध येतो का हिचा?"

"अंडी गोळा करते ना ती. निळ्या पत्र्याच्या शेड आहेत बघा, तिथं."

"आणखी कुठे जाते?"

"कुठे जाणार? घर नि शेड." बहिणीनं पदर सारखा केला. "कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तसा मालकांनी खड्डा खणून पुरायला लावल्या. हातमोजे पण दिले नाहीत. डॉक्टर उभे होते की तिथं. बाहेर बोललात तर काम जाईल म्हणाले."

"कुठले डॉक्टर?"

"मालकांचे धाकटे भाऊ."

वंशावळवाली तिच्या शेजारी बसली. तरी तिचं मन नवऱ्याची बाजू घेतच होतं. नमुने दिल्यानंतर कोंबड्या मरायला लागल्या असतील. त्याला उशिरा कळलं असेल. काहीतरी असेल.

लॅबमध्ये परतून तिनं शीतपेटीतून ते जुने नमुने काढले. या वेळी विषाणू शोधला नाही, कोंबड्यांचीच जनुकं वाचली. प्रत्येक नळीवर वेगळ्या शेडची चिठ्ठी होती आणि प्रत्येक नळीत कोंबडी मात्र एकच. तीही अंड्यांसाठी पाळतात त्या जातीची नाही, गावठी. चूक झाली असेल म्हणून तिनं पुन्हा वाचली. तिच्या मुलीनं हौसेनं पाळलेली एक गावठी कोंबडी त्यांच्या मागच्या अंगणात फिरत असे.

संध्याकाळी नवरा शर्टांना इस्त्री करत होता. मुलगी शिकवणीला गेली होती.

"आपली कोंबडी होती ना ती?" तिनं विचारलं.

त्यानं कॉलर उलटून इस्त्री फिरवली. कोणती कोंबडी, असं विचारलं नाही.

"दादाचा सगळा धंदा मातीत गेला असता," तो म्हणाला.

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"ती बाई मरायला टेकलीय."

"माणसाला होईल असं खरंच वाटलं नव्हतं गं."

"मग नमुने दुसऱ्या लॅबला द्यायचे. माझ्याच गळ्यात का घातलेस?"

त्यानं इस्त्री बाजूला उभी केली. "दुसऱ्या कुणी शंका घेतली असती. तू माझ्यावर घेणार नाहीस, हे ठाऊक होतं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला इतकं नीट ओळखलं होतं. ती आत गेली आणि लॅबच्या प्रमुख बाईंना फोन लावला. दारात उभा राहून तो ऐकत होता. त्यानं अडवलं नाही.

मग सगळंच भराभर झालं. तिचा अहवाल रद्द झाला. शेड रिकाम्या केल्या, उरलेल्या कोंबड्या मारल्या. दोन्ही भावांची चौकशी लागली आणि नवरा भावाकडेच राहायला गेला. जाऊबाईंचा फोन आला. "आमच्या ताटात जेवून आमच्याच अन्नात माती कालवलीस," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आजारी बाई वाचली. घरी गेली, पण चार पावलं चालली की तिला धाप लागते.

लॅबमध्ये तिला कुणी टोचून बोललं नाही. फक्त तिच्या प्रत्येक अहवालावर आता दुसऱ्याचीही सही लागते. हे तिनंच सुचवलं होतं. तरी सहकारी कागद वाचत असताना तिला मान वर करवत नाही.

शेड रिकाम्या केल्या त्याच दिवसांत तिथं पाय ठेवलेल्या सगळ्यांची तपासणी झाली होती, त्या रांगेत नवराही होता. त्याला बारीक ताप होता. तिनं मास्क लावून त्याच्या नाकातला नमुना घेतला. त्यानं डोळे मिटले होते.

"आपली छोटी काय म्हणतेय?" त्यानं विचारलं.

"पुढचा माणूस थांबलाय," ती म्हणाली.

नमुना तिनं स्वतः तपासला. विषाणू नव्हता. ते कळताच तिच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि उतरलं म्हणूनच तिला स्वतःचा असा संताप आला, की ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. अहवाल त्याला कळवायचं काम तिनं सहकाऱ्याला सांगितलं.