सासूबाईंवरची पाच वाक्ये

यज्ञेश्वरभटांनी वही लीनाबाईंच्या हातात जवळजवळ कोंबली.

"वाचा. मराठीत सांगा. एक अक्षर गाळायचं नाही."

लीनाबाई ओसरीवरच्या खुर्चीत नुकत्याच टेकल्या होत्या. त्या नगरच्या मिशन शाळेत शिकवत आणि आठवड्यातून दोनदा भिंगारला येऊन यज्ञेश्वरभटांच्या सुनेला, दमयंतीला, इंग्रजी शिकवत. त्यांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या चष्मा शोधू लागल्या.

दमयंती माजघराच्या दारात उभी होती. मॅट्रिकच्या परीक्षेचा फॉर्म कोनाड्यात पडून होता. तो उद्या संध्याकाळच्या आत नगरला पोचायला हवा होता आणि त्यावर घरातल्या वडीलधाऱ्याची सही हवी होती. नवरा, शामकांत, पुण्याला लष्करी कचेरीत. युद्धामुळे रजा बंद. सही सासऱ्यांचीच. सही करण्याआधी सून शिकते तरी काय ते पाहावे म्हणून ते सकाळी तिची वही घेऊन बाजारात छगन शिंप्याकडे गेले होते. छगन गोऱ्या सोल्जरांचे कपडे शिवायचा. इंग्रजी अक्षरे त्याला लावता येत, अर्थ बेताचाच.

"भटजीबुवा," छगन म्हणाला होता, "हे मदर-इन-लॉ म्हंजे सासू. आमचा एक सायेब तिच्या नावानं लई शिव्या घालायचा, म्हनून ठावं हाय. हितं तर पाच डाव आलीया."

पाच डाव. तेवढे ऐकून ते उन्हातून तरातरा परतले होते.

"हा अभ्यास मीच दिलाय," लीनाबाई म्हणाल्या. "इंग्रजीत दिसण्याची, भासण्याची क्रियापदं निरनिराळी असतात. लुक, सीम, अपिअर. त्यांना विशेषण जोडायचं आणि विशेषणाला त्याचा ठरलेला छोटा शब्द. टायर्ड ऑफ, शॉर्ट ऑफ, असं. नुसतं पाठ करून ते येत नाही. म्हणून मी सांगितलं, घरातलं एक माणूस आठ दिवस नीट पाहा आणि दिसेल तेवढंच लिही. मनचं घालू नकोस. अंदाज असला, तर तो अंदाज आहे हे क्रियापदातच कळू दे."

"घरात दुसरं माणूस नव्हतं? मी काय मेलो होतो?"

"आठांतले पाच दिवस तुम्ही राहुरीला होतात, लग्नं लावत," सासूबाई आतून म्हणाल्या. "ती काय तुमच्या खुंटीवरच्या पागोट्यावर लिहिणार?"

"तू गप्प. तुझीच निंदा आहे त्यात."

"माझी? मग मलाही ऐकू दे." सासूबाई तांदळाचे सूप घेऊन ओसरीवर येऊन बसल्या.

लीनाबाईंनी पान वाचले आणि दमयंतीकडे पाहिले. दमयंतीला कळले की बाई तिला वाट करून देत आहेत. वाचताना त्या काहीही सांगू शकल्या असत्या. सासूबाई प्रेमळ दिसतात, साक्षात अन्नपूर्णा वाटतात. कोणाला कळणार होते? सासरे खूश झाले असते, सही झाली असती. तिने फडक्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले. मग नाही म्हणून मान हलवली.

"पहिलं," लीनाबाई म्हणाल्या. "लुक्स पेल. सकाळी सासूबाईंचा चेहरा पांढुरका दिसतो."

"गोरीच आहे ती. पुढे."

"आडावरून पाणी आणल्यावर त्यांना श्वास पुरत नाही असं वाटतं."

सासूबाईंची बोटे तांदळात थांबली.

"घागर उतरवताना त्या छातीवर हात दाबतात. दुखत असावं."

"पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या. "ऊन चढलंय, बाईंना लांब जायचंय."

"चौथं. संध्याकाळी त्यांची पावलं सुजलेली दिसतात."

यज्ञेश्वरभटांनी खाली पाहिले. सासूबाईंनी लुगड्याचा काठ पावलांवर ओढला, पण जरा उशीर झाला होता.

"आणि पाचवं?" यज्ञेश्वरभटांनी विचारले. आवाजातला चढेपणा गेला होता.

लीनाबाईंनी वही मिटली. "ते तिलाच विचारा."

दमयंतीने उंबऱ्याकडे पाहत सांगितले, "कोणी विचारेल, याची त्यांना भीती वाटते असं दिसतं."

"तुला म्हटलं होतं," सासूबाई फणकारल्या, "तोंडातून अवाक्षर काढायचं नाही!"

"नाही काढलं, आई."

ते खरेच होते. या घरात कोणालाही वाचता न येणाऱ्या भाषेत तिने ते नेऊन ठेवले होते.

यज्ञेश्वरभट काही वेळ उपरण्याचे टोक चाचपत राहिले. मग लीनाबाईंना म्हणाले, "तुमच्या मिशनच्या दवाखान्यात बायकांना बाईच तपासते ना?"

"हो. मडम आहेत. मराठी जेमतेम बोलतात."

"उद्या सकाळी टांगा सांगतो. सूनबाई, तू बरोबर जा. ही नुसता उन्हाचा त्रास म्हणून सांगेल."

"मी कुठं जायची नाही," सासूबाई म्हणाल्या. आणि मग, सूप बाजूला सारत, "जायचंच तर फुकट नाही. आधी तिच्या कागदावर सही करा. तीही माझ्यादेखत."

दमयंतीने फॉर्म आणला, दौत आणली. यज्ञेश्वरभटांनी तो मांडीवर घेतला आणि लीनाबाईंनी बोट ठेवले तिथे ठळक बाळबोध अक्षरांत सावकाश सही केली. शाई वाळेपर्यंत ते कागदाकडेच पाहत होते. तसेच, मान वर न करता, त्यांनी विचारले,

"कुठं दुखतं?"

सासूबाईंनी पावलांवरचा काठ सोडून दिला.

"सांगते. या दोघींना जरा बाहेर जाऊ द्या."

लीनाबाई छत्री घेऊन निघाल्या. त्यांना पोचवायला म्हणून दमयंती अंगणाच्या कवाडापर्यंत गेली आणि त्या वळणाआड गेल्यावरही तिथेच थांबली. मागे ओसरीवर सासूबाईंचा आवाज बारीक, न थांबता चालला होता. शब्द कळत नव्हते. मान जराशी वळवली असती, तर दोघांचे चेहरे दिसले असते. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.