राखेवरचा आंबा

वडिलांची, म्हणजे आबांची, राख नदीत न सोडता शेतात घालायची आणि तिच्यावर आंबा लावायचा, असं आम्ही ठरवलं होतं. आमच्याकडे आता बरेच जण तसं करतात. सावडून आलो, खड्डा खणला, तेवढ्यात कोंडिबामामा बांधावर येऊन उभे राहिले. मागे त्यांचा मुलगा बन्सी.

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा निमोण्यातली ही जमीन सरकारनं आबांना दिली. त्याआधी ती मामांची होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तीस वर्षं दावा चालू आहे. तरी दोघं म्हातारे संध्याकाळी आमच्याच टीव्हीपुढे बसत. गाझाच्या बातम्या लागल्या की आबा ज्यूंची बाजू घेत, मामा पॅलेस्टिनींची.

"घरदार गेलेल्यानं जायचं कुठं, कोंडिबा?"

"कुठंबी जा की! माझ्याच घरात व्हय?"

त्या भूमीवरची पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. एकांचं तिथलं जुनं मूळ आणि युरोपात झालेली कत्तल खरी; दुसऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आणि त्यांतून झालेली हकालपट्टीही खरी. असं मी एकदा म्हणाले, तर दोघंही माझ्यावरच उखडले.

"मामा, राख घालू द्या," मी म्हणाले.

"घाल की पोरी. सोपान माझा दोस्त व्हता. पर झाड न्हाई. उद्या कोर्टात म्हणाल, आमचा आंबा हाय, आमची वहिवाट हाय."

"नाही म्हणणार."

"तू न्हाई. तुझा भाऊ म्हणंल."

मी सत्यजीतदादाकडे पाहिलं.

"दादा, झाड राहू दे."

"मग खूण काय राहणार?"

"आबांची?"

"आपली."

मी रोप बाजूला ठेवून मडकं उचललं. दादानं फोन काढला. "थांब, जीपीएस फोटो घेतो. तारीख, जागा, सगळं येतं त्यात."

"मंग मीबी घेतो," बन्सी म्हणाला. "झाड न्हाई, ह्याचा पुरावा."

"ठेव की रं तो फोन!" मामा ओरडले. "मयत हाय."

"तुमच्यामागं तारखांना मलाच जायचंय, आप्पा."

मामांनी चपला काढल्या आणि हात जोडले. फोन कुणीच ठेवला नाही. मी त्या दोघांकडे पाठ करून खड्ड्याशी बसले आणि ओढणीआड मडकं उपडं केलं.

"जरा सरक," दादा म्हणाला, "राख दिसत नाहीये."

मी सरकले नाही.