सोनाजीला उपाशी बसवलं

बसा फुढं, पाव्हणं. जीप भरल्याबिगर हालायची न्हाई. तवर एका लेकीनं बापावर सूड कसा उगवला ते ऐका.

करुणाताई मोठी डॉक्टरीण, पन गोळ्या लिहून देणारी न्हाई, शोध लावणारी. पोटुशी बाईच्या अंगात साखर काहून चढती, ह्याचा शोध. गावोगाव बायांचं रगत तपासायची, आन् तिला फिरवायला माझीच जीप. एकदा मी इचारलं, "ताई, साखर तर म्हाताऱ्यांचा रोग. पोरींना काहून?"

"जमीलमामा, बाळंतपणात वार पडती ना, तिचा खेळ हाय. वारेतून असा रस निघतो, की काही बायांची साखर आवरतच न्हाई. ती साखर लेकराला जाती. लेकरू फुगतं, कधी पोटातच मरतं. त्यात आईचा दोष न्हाई."

"लई पुण्याचं काम करून राहिल्या."

ती हासली. "पुण्य कशाचं, मामा? मला एका मानसाला खोटं पाडायचं हाय."

तो मानूस म्हंजे तिचा सख्खा बाप, हट्टा गावचा सोनाजी. करुणाच्या पाठीवर तिच्या मायला, पद्माबाईला, तीन लेकरं झाली. चांगली लठ्ठ, आन् तिन्ही मेलेली. सोनाजी चारचौघांत म्हनला, "ही बाई पोटातच लेकरं खाती." आन् दुसरी करून आनली. पद्माबाई लहानग्या करुणाला काखेत मारून हितं कळमनुरीला माहेरी आली. लोकांच्या रानात निंदून, खुरपून पोरगी शिकवली.

आता ह्या तपासणीला उपाशी यावं लागतं. पन आपल्या सासवा! सुनेला कपभर गोड चहा पाजूनच आनायच्या. वर म्हनायच्या, "चहा का खानं असतंय व्हय?" सगळी तपासणी वाया. मग ताईनं कायदाच काढला. जो सुनेला घिऊन येईल, त्यानंबी उपाशी बसायचं, संपेस्तोवर. सोताची तलफ मारावी लागली तवा कुठं सासवांना अक्कल आली.

हट्ट्याच्या समाजमंदिरात तपासणी व्हती. ज्योती नावाची पोरगी आली, संगं तिचा सासरा. ताईनं नाव इचारलं. म्हातारा म्हनला, "सोनाजी." ताईचा हात तितंच थांबला. त्यानं तिला वळखलं न्हाई. फ्रॉकातली पोर बघितलेली त्यानं.

मी हळूच म्हनलं, "हाकलू का, ताई?"

"नका. बसवा. उपाशी."

ज्योतीनं नाक दाबून तपासणीचं साखरेचं पानी पिलं. म्हाताऱ्याला दम निघंना. "ओ बाई, मी काय पोटुशी हाय व्हय? घोटभर चहा तर द्या!"

बाजूला सून घिऊन बसलेली निर्मलाबाई म्हनली, "आजोबा, कितवा लागला?"

बाया हासून हासून लोळल्या.

मग तपासणीचं कळलं. ज्योतीची साखर लई चढलेली. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "लेकरू जगंल ना, बाई?"

"जगंल. आजच औषध सुरू करू. मला एवढं सांगा, ही पोरगी पोटातच लेकरं खाती का?"

"असं काहून बोलता? पोरीचा काय दोष?"

"मोठ्यानं बोला. मागं ऐकू गेलं न्हाई."

"पोरीचा दोष न्हाई!"

"मग पद्माबाईचा व्हता?"

म्हातारा तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. "करुणा?"

तो पायावर वाकला. ताईनं पाय मागं घेतले.

"माफी नगं मला. ज्योतीचं औषध चालू राहील, ते तिच्या हक्काचं हाय. तुमचा हिशेब येगळा. उद्या माय येईल. तिची तीन लेकरं कुठं पुरली ते तिला दावायचं. बाप्यांनी फडक्यात गुंडाळून नेली, तिला कुनी जागाबी सांगितली न्हाई."

दुसऱ्या दिशी मी पद्माबाईला घिऊन गेलो. म्हातारा फुढं, ती मागं. शेताच्या टोकाला, नाल्याकडं त्यानं काठी टेकवली. "हितं."

"तिन्ही?"

"तिन्ही."

ती खाली बसली. ढेकळं हातानं फोडून माती सारखी करत राहिली, लेकराचं पांघरूण नीट करावं तशी. ऊन तापलेलं. सोनाजी सावलीकडं सरकाया लागला तशी करुणाताई म्हनली, "उभं ऱ्हा तितंच." माय उठंस्तोवर त्याला उन्हात उभा ठिवला. खोटं काहून बोलू? अल्लाची कसम, मला लई बरं वाटलं.

ज्योतीला पोरगी झाली, ठणठणीत. पद्माबाई आता दर पुनवेला तितं मेणबत्त्या लावती. मीच नेतो.

पन गेल्या हप्त्यात सोनाजी माझ्याच जीपमधी बसला आन् रडाया लागला. "जमीलभाई, लेकरांची जागा मला ठाऊकच न्हाई. तिन्ही गड्याच्या हाती दिली व्हती. मी मागं गेलोबी न्हाई, इचारलंबी न्हाई. लाज वाटली म्हनून कुठंबी काठी टेकवली."

मी गाडी थांबवली. म्हनलं, उतर. भर रस्त्यात उतरवला, ना झाड ना गाव. तो हाका मारून राहिला. मी मागं बघितलं न्हाई.

करुणाताईला ह्यातलं ठाऊक न्हाई. कुनालाच न्हाई.

आज पुनव हाय. ती बघा, पांढऱ्या लुगड्यातली, इकडंच येऊन राहिली, तीच पद्माबाई. तिच्याम्होरं ह्यातला एक शबूद काढू नका, पाव्हणं. आन् जरा आत सरका, खिडकीची जागा तिला द्या.